जावई घोड्यावरून पडला

“जावयाचं पुढे काय होते?”

पुंडलिकरावांनी दुकानाच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता विचारलं. मी एका टीव्हीचं मागचं झाकण उघडून आतला कापूस काढत बसलो होतो. त्या वर्षांत माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या टीव्हींतून कापूस निघायचा. भाव पडलेला, त्यामुळे लोकांनी माल घरातच भरून ठेवलेला. बैठकीत छताला लागेल एवढा ढीग, ढिगाला टेकून टीव्ही आणि ढिगावर बसून बघणारं घर. तंतू झाकणाच्या जाळीतून आत जायचे, सेट तापून बंद पडायचा आणि माझं दुकान चालायचं.

“कोनाच्या जावयाचं?” मी विचारलं.

“शहानपना करू नको बे रफिक. तुह्या शिरेलीतल्या जावयाचं. येत्या गुरुवारी मरते म्हन्तात. कसा मरते?”

पुंडलिकराव म्हणजे बापूसाहेबांच्या जिनिंगचे मॅनेजर. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. पण गावात ते मॅनेजरपेक्षा बापूसाहेबांचे निरोपे म्हणूनच जास्त ओळखले जायचे. हा माणूस उगाच कुणाच्या दुकानात येत नसे. माझ्या हातातला ब्रश तिथेच थांबला.

खरं म्हणजे मालिकेत त्या जावयाला त्याचा मेहुणाच गळा दाबून मारतो. मी डिस्क आधीच बघितली होती. पण पुंडलिकरावांच्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “पडून मरते. घोड्यावरून.”

“पक्कं?”

“पक्कं.”

ते मान हलवत गेले. मी पुन्हा कापूस काढायला लागलो. एक लहानसं खोटं बोलून संकट टळलं, असं मला वाटलं. मी जन्मभर यंत्रं दुरुस्त केली, पण माणसाच्या बाबतीत माझा अंदाज असाच चुकत आला आहे.

आता थोडं मागचं सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही. यवतमाळपासून एसटीनं दीड तास, इतकं पुरे. मी मूळचा रेडिओ-टीव्ही मेकॅनिक. पुढे केबल टाकली. दुकानाच्या वरच्या खोलीत माझी कंट्रोल रूम होती. नाव मोठं, पण खोलीत तीन रॅक, एक पंखा आणि एक खुर्ची. छतावरच्या डिशमधून सिग्नल यायचा, तो वेगवेगळ्या चॅनलवर बसवायचा आणि वायरीतून गावभर सोडायचा, एवढंच काम. त्यातलं एक चॅनल आमचं स्वतःचं. त्यावर मी डिस्क लावायचो. सिनेमे, लग्नाचे व्हिडिओ, गावच्या जत्रेतली कुस्ती. परवानगी वगैरे कुणी विचारत नव्हतं, मीही विचारली नाही.

एकदा नागपूरहून सिनेमांच्या डिस्कांबरोबर एक परदेशी मालिका आली. इटलीतलं चार-पाचशे वर्षांपूर्वीचं एक घराणं. म्हातारा नगरीचा प्रमुख. पद मिळवायला त्यानं मतं विकत घेतलेली. थोरल्या मुलाच्या हाती फौज, धाकट्याच्या हाती देऊळ, आणि एक मुलगी, जिचं लग्न म्हणजे राजकारण. भरजरी कपडे, तलवारी, विषाचे पेले. चित्र असं स्वच्छ की मी स्वतः दोन भाग एका बैठकीत बघितले. अडचण एकच, सगळं इंग्रजीत.

म्हणून मी सुजाता मॅडमना विचारलं. त्या बापूसाहेबांच्या संस्थेच्या हायस्कुलात इतिहास शिकवायच्या. शाळा सकाळची, त्यामुळे दुपार मोकळी. आमच्या भागात लोडशेडिंग असं होतं की दुपारी बारा ते चार लाइट हमखास असायची. दर गुरुवारी दोन वाजता मॅडम कंट्रोल रूममधल्या त्या एकुलत्या एक खुर्चीवर बसायच्या, समोर माईक. माझ्या हातात मिक्सर. मिक्सर म्हणजे चटणीचा नव्हे, दोन आवाज कमी-जास्त करून एकत्र करायचं यंत्र. इंग्रजी आवाज मी बारीक करायचो आणि त्यावर मॅडम मराठीत सांगायच्या. डबिंग नव्हे. पडद्यावर काय चाललं आहे ते शेजारी बसून कुणी सांगावं, तसं.

आणखी एक सोय होती. मालिकेत मधेच असं काही यायचं की ते घरात सगळ्यांनी मिळून बघण्यासारखं नसे. त्यासाठी मी एक बटण बसवलं होतं. ते दाबलं की चित्र जायचं आणि बियाण्याच्या दुकानाची पाटी यायची. आवाज चालूच. दुपारच्या वेळी बियाण्याची पाटी आली की घराघरांतून पुरुष मंडळी घसा खाकरायची, असं मी ऐकून होतो.

मॅडमची सांगायची पद्धत शाळेतली. परकी गोष्ट मुलांच्या ओळखीच्या शब्दांत सांगायची. इटालियन नावं म्हणजे तोंडात खडे धरून बोलल्यासारखी. ती त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली. म्हाताऱ्याला ‘मोठे मालक’ म्हटलं. मुलगे थोरला आणि धाकटा. मुलगी ताईसाहेब, तिचा नवरा जावईबापू. नगरीची परिषद म्हणजे ‘संस्था’, परिषदेतले सरदार म्हणजे ‘सभासद’. त्यामुळे गोष्ट झटक्यात समजायची. माझी आई इंग्रजीचं एक अक्षर न शिकलेली, तीही सांगायची की थोरल्याचं लक्षण ठीक नाही.

नुसती समजली असती तर बरं झालं असतं. चौथ्या-पाचव्या गुरुवारपर्यंत गावाला ती ओळखीची वाटायला लागली.

बापूसाहेबांना दोन मुलगे, एक मुलगी. थोरल्याकडे जिनिंग, धाकट्याकडे देवस्थानची समिती. बापूसाहेब शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. एकवीस सभासद, त्यांतले किती स्वतःच्या मतानं बोलतात हे सगळ्यांना ठाऊक. आणि त्यांची मुलगी विधवा. गाव तिलाही ताईसाहेबच म्हणायचं, लहान मुलाला घेऊन ती बापूसाहेबांच्या बंगल्यातच राहायची. जावई पुसदचे, इंजिनियर, सरळ माणूस. संस्थेच्या बांधकामावरून थोरल्या भय्यांशी त्यांचं बिनसलेलं. दोन वर्षांपूर्वी दोघं एका जीपमधून चालले होते आणि जीप घाटात दरीत गेली. भय्या बाहेर फेकले गेले म्हणून वाचले. जावई गेले. तेव्हाही गावानं तोंडावर हात ठेवूनच का होईना, बोलायचं ते बोलून घेतलं होतं. पण ते विझत आलं होतं.

आता पानटपरीवर लोक उघड म्हणायला लागले, “गुरुवारी बंगल्याची शिरेल पाह्यली काय?” मी कपाळावर हात मारला. मॅडमना तर पत्ताच नव्हता. त्यांच्या डोक्यात इटली होती. मी सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्याच.

“अहो रफिकभाऊ, मी तर फक्त सोपं करून सांगून राह्यली होती.”

“मले समजते मॅडम. गावाले कोन सांगन?”

आणि मागच्या गुरुवारी भाग संपताना त्या सवयीनं बोलून गेल्या होत्या की पुढच्या आठवड्यात जावईबापूंच्या जिवावर बेतणार आहे. त्याच आठवड्यातल्या रविवारी संस्थेची निवडणूक. बापूसाहेब वयामुळे पद सोडणार आणि थोरले भय्या उभे राहणार. त्याच बैठकीत आणखी एक विषय होता, पाच शिक्षकांना कायम करण्याचा. त्या पाचांत सुजाता मॅडमचं नाव होतं. पाच वर्षं त्या तात्पुरत्या म्हणून शिकवत होत्या. घरी आई, भाऊ शिकायला अमरावतीला. कायमचं पत्र मिळालं की घराचा घोर मिटणार होता. हे सगळं मला माहीत होतं, आणि माईकसमोर त्यांना बसवणारा मीच होतो.

पुंडलिकराव दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. या वेळी पायरीवर थांबले नाहीत, सरळ आत येऊन स्टुलावर बसले.

“बापूसाहेब म्हन्ले, उद्या तीन वाजता बंगल्यावर ये. तो भाग घेऊन ये. आधी घरी पाहू, मंग गावाले दाखव.”

“मी तो भागच लावत नाही ना. सिनेमा लावतो एखादा.”

“तेच नाई करायचं. बंद केली तं लोक म्हन्तीन भेले. खाई त्याले खवखवे. तू म्हनतं तसा तो घोड्यावरून पडून मरत असन, तं गावभर पाहू दे. मामलाच मिटते. अन् त्या मॅडमलेही आन सोबत. इंग्रजी आमाले कोन सांगन?”

बापूसाहेब हुशार माणूस. त्यांची चाल बरोबर होती. जावई घोड्यावरून पडलेला गावानं बघितला की कुजबुजीतली हवा निघून जाणार होती. फक्त तो घोड्यावरून पडत नव्हता. दाखवावं तरी मेलो, न दाखवावं तरी मेलो.

संध्याकाळी मॅडमच्या घरी गेलो. त्यांच्या आईनं चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. मॅडमनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “तुम्ही कायले सांगितलं घोड्याचं?”

“भेलो म्हनून.”

“हे तरी खरं सांगितलं.”

मग मी माझी योजना मांडली. त्या भागात खुनाआधी घोड्यांचा तबेला दिसतो. थोरला आणि जावई बोलत आत जातात. घोडे खिंकाळतात. मग मारामारी, गळा, आणि शेवटी जावई गवतावर निपचित. मधली दोन-अडीच मिनिटं गाळली तर तबेला आणि गवतावरचा मुडदा एवढंच उरतं. घोड्यावरून पडला म्हटलं तर कुणाला खोटं वाटणार नाही. गुरुवारी गावाला दाखवताना चिंता नव्हती. तेवढा वेळ बियाण्याची पाटी लावली की झालं. पण बंगल्यावर ते बटण कुठून आणणार? तिथे नुसता डीव्हीडी प्लेअर आणि टीव्ही.

“मग तिथे काय करनार?” मॅडमनी विचारलं.

“कापून आनतो.”

सकाळच्या पहिल्या गाडीनं यवतमाळ गाठलं. लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणारा एक ओळखीचा होता. एडिटिंग म्हणजे नको ते चित्र कापून उरलेलं जोडणं. त्यानं डिस्क घातली, कॉम्प्युटर चालू केला आणि अकराला त्यांच्या भागातली लाइट गेली. बारा वाजेपर्यंत मी त्याच्या दुकानात घड्याळ बघत बसलो. लाइट आली नाही. साडेबाराच्या गाडीनं तीच डिस्क घेऊन परत आलो. येताना गाडीत एकच विचार. रिमोट माझ्या हातात असेल. तबेल्याचं दृश्य आलं की बटण दाबून पुढच्या तुकड्यावर उडी मारायची. डिस्कवर गोष्टीचे तुकडे केलेले असतात, एका बटणानं पुढच्या तुकड्यावर जाता येतं. दुकानात पोचल्यावर डिस्क लावून मी मिनिट-सेकंद हातावर लिहून घेतले.

मॅडमसाठी एक कागदही लिहिला. त्यांना तिथे खोटं सुचणार नाही, हे मला माहीत होतं. कागदावर तीन वाक्यं होती. ‘घोडा बुजला. जावईबापू खाली पडले. थोरला धावला, पण काही करू शकला नाही.’ लिहिताना मी फार विचार केला नाही. अपघात म्हटला की माणूस असंच लिहितो.

बंगल्याच्या फाटकाशी मॅडमनी तो वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. “रविवार होऊन जाऊ द्या रफिकभाऊ,” त्या म्हणाल्या, “मग मी माईकसमोर कधीच बसनार नाही.” त्यांचा आवाज दर गुरुवारसारखाच स्वच्छ होता.

हॉलमध्ये बापूसाहेब झोपाळ्यावर सुपारी कातरत बसले होते. थोरले भय्या सोफ्यावर. धाकटे बाहेरगावी होते. पुंडलिकराव दाराशी उभे. मी खाली बसून प्लेअर जोडला, वायरी लावल्या, चित्र आणलं. मॅडमना खुर्ची दिली. सगळं बेतल्याप्रमाणे चाललं होतं आणि आतल्या दारातून ताईसाहेब आल्या.

त्या बघायला येऊन बसतील असं मला वाटलंच नव्हतं. हातात सूप, सुपात तुरीच्या ओल्या शेंगा. त्या खाली सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या.

“तू कायले आली?” भय्यांनी विचारलं.

“दर गुरुवारी पाहातो न मी. मॅडम छान सांगतात.” आणि त्या शेंगा सोलायला लागल्या.

मी बापूसाहेबांकडे बघितलं. त्यांनी ‘बसू दे’ अशी मान हलवली. भाग सुरू झाला.

मी रिमोट घट्ट धरून टीव्हीच्या बाजूला उभा राहिलो. पाचच मिनिटं झाली असतील.

“रफिक, तू खाली बस बाप्पा. मधातच उभा राह्यला,” भय्या म्हणाले. “अन् रिमोट इकडे दे. आवाज लय कमी आहे.”

“मी करतो ना भय्या आवाज.”

“दे म्हन्तलं न.”

दिला. काय करणार होतो? हातावर लिहिलेले मिनिट-सेकंद आता नुसते हातावर राहिले. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. त्यांना कळलं होतं की चित्र आता कुणी थांबवणार नाही. अजूनही त्या खरं सांगू शकल्या असत्या. मी मान हलवून ‘कागद’ अशी खूण केली. मला वाटलं, लोक चित्र बघत नाहीत, ऐकतात. इतके गुरुवार मी तेच बघत आलो होतो. मॅडम जे म्हणतील तेच गावाला दिसायचं.

पहिला अर्धा तास नीट गेला. मोठे मालक परिषदेत भाषण करतात, सभासद एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मॅडम नेहमीसारख्या सांगत होत्या, फक्त ‘संस्था’ आणि ‘सभासद’ हे शब्द त्यांनी टाळले. बापूसाहेब एकदा हसलेही. मग तबेला आला.

थोरला आणि जावई बोलत आत गेले. घोडे खिंकाळले. थोरल्यानं दाराला अडसर घातला. मी जमिनीकडे बघत होतो, पण सतरंजीवरून शेंगा सोलल्याचा बारीक आवाज ऐकू येत होता. पडद्यावर थोरल्यानं मागून जावयाच्या गळ्यात पट्टा टाकला आणि ओढला. जावयाचे पाय गवतात घासत होते. हे सगळं अगदी जवळून दाखवलं होतं. तोंड, हात, पट्टा.

मॅडम म्हणाल्या, “घोडा बुजला.”

पडद्यावर जावयाचे डोळे वर गेले.

“जावईबापू खाली पडले.” त्यांचा आवाज आता थोडा चिरका झाला होता. पण त्या थांबल्या नाहीत. “थोरला धावला, पण काही करू शकला नाही.”

शेंगांचा आवाज थांबला.

झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या, तेवढाच आवाज. पडद्यावर थोरला पट्टा पुन्हा कमरेला बांधत होता.

ताईसाहेब टीव्हीकडे बघत होत्या. मग अगदी साध्या आवाजात, कुणाला स्वयंपाकाचं विचारावं तशा म्हणाल्या, “मलेही असंच सांगतलं होतं.”

बापूसाहेबांच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला.

“भय्या धावला, पन काही करू शकला नाई,” ताईसाहेब म्हणाल्या. “हेच. असंच.”

“ताई, आत जाय,” भय्या म्हणाले.

“जातो. मॅडमले पुरं सांगू दे.”

मी त्या क्षणी मॅडमकडे बघू शकलो नाही. मला लाज वाटली. ते वाक्य मी कुठून आणलं, हे मला आत्ता कळलं होतं. दोन वर्षांपूर्वी बंगल्यावरून गावाला जे सांगण्यात आलं, शोकसभेत माईकवरून जे वाचलं गेलं, ते हेच होतं. तो माईकही माझाच होता. मी कागदावर लिहिताना ते आपोआप उतरलं होतं.

पडद्यावर आता ती बहीण धावत येत होती. तबेल्याच्या दारात थोरल्यानं तिला अडवलं, जवळ घेतलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

“बोला मॅडम,” बापूसाहेब म्हणाले. “काय सांगून राह्यला तो तिले?”

मॅडम उठून उभ्या राहिल्या. “पुढचं मला सांगता येनार नाही, साहेब,” त्या म्हणाल्या.

भय्यांनी टीव्ही बंद केला. ताईसाहेबांनी सूप उचललं, सतरंजीवर पडलेली टरफलं एक एक करून त्यात गोळा केली आणि आत गेल्या. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. रडल्याही नाहीत.

“गुरुवारी सिनेमा लाव,” बापूसाहेब मला म्हणाले. “कोनताही.” मग मॅडमकडे वळून म्हणाले, “तुमचा आवाज चांगला आहे.” त्यांच्या तोंडावर राग नव्हता. त्यामुळेच मी जास्त घाबरलो.

गुरुवारी मी सिनेमा लावला. गावाला जे समजायचं ते समजलं. शुक्रवारी सकाळी माझी मेन लाइन चार ठिकाणी कापलेली सापडली. जिनिंगच्या भिंतीवरून गेलेली सगळी वायर गायब. ते मी धरूनच चाललो होतो, पंधरा दिवसांत दुसऱ्या बाजूनं लाइन टाकली.

शनिवारी पहिल्या गाडीनं ताईसाहेब मुलाला घेऊन पुसदला सासरी गेल्या. जावई गेल्यापासून बंगल्यानं त्या घराशी बोलणं तोडलं होतं. एसटी स्टँडवरच्या चहावाल्यानं सांगितलं की तिकीट त्यांनी स्वतः काढलं आणि पुंडलिकराव मोटरसायकलवर येऊन “चला ना ताई” म्हणत राहिले, तरी गाडीतून उतरल्या नाहीत. पुढे सासू-सुनेनं मिळून अर्ज केला. प्रकरण पुन्हा उघडलं. त्यात काय निघालं ते मी सांगू शकत नाही. मी कोर्टात गेलो नाही आणि घाटात काय झालं ते मी बघितलेलं नाही. तारखा पडत राहिल्या, एवढं खरं.

रविवारी निवडणूक झाली. भय्या आरामात निवडून आले. पाचांपैकी चार शिक्षक कायम झाले. मॅडमना सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नका. कागद दिला नाही, कारण तात्पुरत्या माणसाला कागद लागत नाही.

मी बंगल्यावर जाऊन पाया पडायला तयार होतो. मॅडमनी अडवलं. काही महिने त्यांनी घरी शिकवण्या घेतल्या. मग बाभुळगावला एका खासगी शाळेत लागल्या, पुन्हा तात्पुरत्या, पुन्हा पहिल्यापासून. तिथे जायला रोज दोन गाड्या बदलायच्या. भावाचं शिक्षण त्यांनी पुरं केलं, पण ते कसं केलं हे मला त्यांच्या आईकडून कळलं, त्यांच्याकडून नाही.

वर्षभरानं यवतमाळच्या स्टँडवर त्या भेटल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत तपासायच्या वह्या. मी पहिल्यांदाच स्पष्ट माफी मागितली.

त्या हसल्या. “रफिकभाऊ, मी यावर लय विचार केला. त्या दिवशी आपन खरं सांगितलं असतं ना, की थोरल्यानं गळा दाबला, तर काय झालं असतं माहीत आहे? बापूसाहेब म्हनले असते, काय लोक असतात हे इटलीचे. चहा पाजून पाठवलं असतं आपल्याले.”

“अन् ताईसाहेब?”

“त्या शेंगा सोलत बसल्या असत्या.”

त्यांची गाडी लागली. चढताना त्या वळून म्हणाल्या की सातवीच्या मुलांना त्या आता इतिहासातली नावं आहेत तशीच पाठ करायला लावतात, कितीही अवघड असली तरी. मग गाडी सुटली.

मी अजून सेट दुरुस्त करतो. पिक्चर ट्यूब गेली असेल तर गेली म्हणून सांगतो. ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणत नाही. गिऱ्हाईक चिडतं, दुसऱ्या दुकानात जातं, जाऊ द्यावं. ताईसाहेबांना बंगल्यातून बाहेर काढलं ते माझ्या खोट्यानं, असं गावातले काही लोक अजून कौतुकानं म्हणतात. मी मान डोलावत नाही. ती तीन वाक्यं माझी होती, आणि त्यांच्यापायी नोकरी सुजाता मॅडमची गेली.